संत बहिणाबाईंचे कवच

दुर्जनांच्या जाचातून साधकाने आपले मन कसे राखावे, असे अनेक वारकरी मंडळी विचारतात. अशा वेळी आम्हांस शिऊरच्या संत बहिणाबाई आठवतात; कारण त्यांचा जाच घराच्या उंबरठ्याच्या आतच सुरू झाला.

वेरुळाजवळच्या देवगावी शके १५५० म्हणजे इ. स. १६२८ साली त्यांचा जन्म झाला. अजाण वयातच मोठ्या वयाच्या बिजवराशी लग्न लागले. पुढे विपत्तीमुळे गाव सुटले आणि फिरत फिरत सारे कोल्हापुरास आले. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनाची गोडी लागली, एका वासराचा लळा जडला. ते वासरू कीर्तनासही मागोमाग येई. लोक बोलू लागले आणि पतीचा राग अनावर झाला. त्या कोवळ्या पोरीला त्यांनी बांधून मारले. पुढे वासरूही गेले. त्याच दुःखात श्रीतुकोबारायांनी स्वप्नात अनुग्रह दिला. ब्राह्मणाच्या स्त्रीने शूद्रास गुरु मानावे, हे पतीस सोसेना; ते घर सोडून निघाले. पण तोच आजारी पडले, आणि बहिणाबाईंनीच त्यांची सेवा केली. त्या आजारात त्यांचे मन पालटले व दोघे देहूस आली.

देहूस मंबाजी आडवा आला. आपले शिष्य व्हा, हा त्याचा हट्ट. तो मानला नाही, तेव्हा त्याने यांची गाय कोंडून झोडपली. तिचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, असे बहिणाबाई आपल्या अभंगांत सांगतात. एवढे होऊनही त्यांनी देहू सोडले नाही की भजन सोडले नाही.

त्यांचे कवच ते कोणते? गंडा नव्हे, दोरा नव्हे. मुखी नाम, संतांची संगत, आणि दुसऱ्याचे विष आपल्या अंतरात साठवायचे नाही हा निर्धार! मात्र मार खाणे हाच परमार्थ, असा अर्थ कोणी काढू नये. अंगावर हात उठत असेल तर मायबहिणींनी चार माणसांचा आणि कायद्याचा आधार जरूर घ्यावा. त्याने भक्तीला काही उणेपणा येत नाही.

शके १६२२ म्हणजे इ. स. १७०० साली शिऊर येथे बहिणाबाईंनी देह ठेवला. छळणाऱ्यांची नावे आज आपण घेतो, ती त्यांच्याच अभंगांमुळे. रामकृष्णहरि!