विजेने हसवणारा डॉक्टर: गिओम दुशेन

फिजिओथेरपिस्टने कधी ओलसर पॅड लावून विजेचे हलके झटके दिलेत? त्या तंत्राचा पाया घालणारे डॉक्टर म्हणजे फ्रान्सचे गिओम दुशेन.

१८०६ साली बूलोन या बंदराच्या गावी, दर्यावर्दी घराण्यात त्यांचा जन्म झाला. डॉक्टर होऊन ते गावी परतले. पण बाळंतपणानंतर बायको तापाने गेली. प्रसूतीच्या वेळी तिच्याजवळ ते एकटेच होते, म्हणून सासूने त्यांनाच दोष दिला. मुलगाही दुरावला. १८४२ मध्ये ते पॅरिसला आले. तिथे हॉस्पिटलात पद नव्हतंच, तरी यंत्र घेऊन ते वॉर्डावॉर्डांतून पेशंट शोधत फिरायचे.

तेव्हा स्नायूत सुया टोचून वीज सोडत. दुशेनही आधी तेच करायचे. त्यात पेशंटला दुखायचं आणि वीज आजूबाजूलाही पसरायची. मग त्यांनी सुया सोडल्या आणि ओले इलेक्ट्रोड कातडीवर दाबून धरले. कातडी कोरडी असेल तर वीज वरच अडते, ओली असेल तर आत स्नायूपर्यंत पोचते. एवढ्याशा युक्तीने एकेक स्नायू वेगळा हलवता येऊ लागला! लकव्यात कोणता स्नायू निकामी झालाय, तेही तपासता आलं. १८५५ मध्ये त्यांनी यावर ग्रंथच लिहिला.

चेहऱ्याची संवेदना गेलेल्या एका म्हाताऱ्यावर त्यांनी हेच करून फोटो काढवले. नुसते गालाचे स्नायू ओढले तर हसू खोटं दिसतं, खरं हसताना डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, हे त्यातून कळलं. पुढे डार्विनने हे फोटो आपल्या पुस्तकात वापरले.

ठरावीक जागीच स्नायू इतका चटकन का हलतो? तिथे मज्जातंतू स्नायूत शिरतो म्हणून, हे दाखवलं बर्लिनच्या रॉबर्ट रेमाक यांनी. म्हणजे वीज खरं तर मज्जातंतूलाच लागत होती.

१८७५ मध्ये दुशेन गेले. मुलांमधल्या एका गंभीर स्नायुविकाराला आज त्यांचं नाव आहे.

नेमकेपणाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. फिट्सवर उपाय म्हणून मानेतल्या व्हेगस मज्जातंतूला यंत्राने वीज देतात. त्या एका दोरीत हजारो तंतू असतात आणि काही स्वरयंत्राकडे जातात, त्यामुळे पेशंटचा आवाज घोगरा होतो. म्हणून आता संशोधक मज्जातंतूभोवती अनेक बारीक इलेक्ट्रोड बसवून हवे तेवढेच तंतू गाठायचा प्रयत्न करताहेत.