गळाचा आचार्य आयझॅक वॉल्टन
वॉल्टनचा जन्म १५९३ च्या सुमारास इंग्लंडांतील स्टॅफर्ड गांवीं झाला. लंडनांत तो कापडाचा व्यापार करी. पहिल्या पत्नीचीं सातही अपत्यें बालपणींच निवर्तलीं. पुढें राजा व पार्लमेंट यांचें युद्ध पेटलें. हें सारें सोसून तो नदीकांठीं गळ टाकून बसे! १६५३ सालच्या ‘दि कम्प्लीट अँगलर’ ग्रंथांत तो सांगतो कीं, चब मासा फार भित्रा. काठीची सावली पडतांच तळ गाठतो. म्हणून झाडाआड उभें राहावें, गळास नाकतोडा लावावा आणि मासा पुन्हां वर येईपर्यंत हालूं नये. हें शेवटचेंच कठीण. कृत्रिम माशीनें ट्राउट धरण्याची विद्या मात्र त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन यानें १६७६ सालीं ग्रंथास जोडली. १६८३ सालीं वॉल्टन विंचेस्टर येथें वारला.