फ्लो हायमनचे लांब हात

कन्हानला खाणीच्या वसाहतीजवळच्या मैदानावर संध्याकाळी व्हॉलीबॉलची नेट बांधलेली दिसली की घरी जाताना मी पाच-दहा मिनिटे थांबतो. पोरे चांगली खेळतात. त्यांच्यात एखादा हमखास इतरांपेक्षा वीतभर उंच असतो. अंगाने सडपातळ, हात लांब, बोटे लांबसडक. सगळे त्यालाच बॉल देतात. बघणारे त्याचा स्मॅश बघतात आणि मी त्याचे अंगठे बघतो. हे खूळ मला फ्लो हायमन या खेळाडूमुळे लागले. तिचे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. पण व्हॉलीबॉलच्या जगात ते मोठे आहे आणि वैद्यकशास्त्रातही त्याला एक वेगळी जागा आहे.

फ्लोरा जीन हायमन हिचा जन्म ३१ जुलै १९५४ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिसमध्ये झाला. आठ भावंडांतली ही दुसरी. आई-वडील दोघेही उंच. ही तर शाळेत असतानाच सहा फुटांच्या घरात गेली. वर्गात सगळ्यांत उंच मुलगी असणे त्या वयात सोपे नसते. तिला आपल्या उंचीचा संकोच वाटे, आणि ताठ मानेने उभी राहा असे आई तिला बजावत राही. बहिणीबरोबर समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत दोघी-दोघींचे सामने खेळता खेळता ती या खेळात आली. उंची शेवटी १.९६ मीटरवर, म्हणजे सहा फूट पाच इंचांवर थांबली.

ही उंची या खेळात एवढी मोलाची का, हे कळायला नियम थोडे ठाऊक हवेत. मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असते. मधोमध नेट. तिची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४ मीटर. दोन्हीकडे सहा-सहा खेळाडू. सर्व्हिस होऊन बॉल आपल्याकडे आला की जास्तीत जास्त तीन स्पर्शांत तो पलीकडे गेला पाहिजे, आणि एकाच खेळाडूने लागोपाठ दोनदा त्याला हात लावायचा नाही. पहिला स्पर्श पास, म्हणजे आलेला बॉल झेपवून आपल्या माणसाकडे देणे. दुसरा सेट, म्हणजे नेटजवळ बॉल वर चढवून देणे. याला आपली पोरे लिफ्ट म्हणतात. तिसरा स्मॅश. समोरचे नेटला लागून उडी मारतात आणि हातांची भिंत उभी करतात, तो ब्लॉक. ब्लॉकचा स्पर्श तिनांत धरत नाहीत. आता हिशोब करा. १.९६ मीटर उंचीची बाई नुसते हात वर करून उभी राहिली तरी तिचे पंजे २.२४ मीटरच्या नेटच्या वर जातात. त्यावर तिची उडी.

पण या खेळात आणखी एक नियम आहे आणि उंच माणसाची खरी परीक्षा तिथे होते. सर्व्हिस समोरच्यांकडून आपल्याकडे आली की सहाही जण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक जागा सरकतात. हे रोटेशन. त्यामुळे आज पुढे नेटपाशी स्मॅश मारणारा थोड्या वेळाने मागे येतो. नेटपासून ३ मीटरवर एक रेघ असते. मागच्या खेळाडूला त्या रेघेच्या पुढे येऊन उंचावरून बॉल मारता येत नाही. त्याने मागे राहायचे, वाकायचे आणि जमिनीलगत आलेला बॉल उचलायचा. आता यासाठी वेगळ्या रंगाची जर्सी घातलेला लिबेरो असतो. तो मागच्या रांगेतल्या उंच खेळाडूच्या जागी आत येतो. पण लिबेरो आला १९९८ मध्ये. फ्लोच्या काळात ती सोय नव्हती. एवढी लांब काया घेऊन तिला जमिनीवर झेपावे लागे, आणि ते तिला जड गेले. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक आरी सेलिंगर यांच्या हाताखाली ती जमिनीवर पडायला शिकली. तेव्हा सेटही पंधरा गुणांचा असे, आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघालाच मिळे. त्यामुळे सेट किती वेळ चालेल याचा नेम नसे. आता प्रत्येक चेंडूवर कुणाला तरी गुण मिळतो आणि सेट पंचवीस गुणांचा असतो. पाचवा, निर्णायक सेट तेवढा पंधराचा.

ह्यूस्टन विद्यापीठाची खेळासाठीची शिष्यवृत्ती मिळालेली ती पहिली महिला. १९७४ मध्ये ती राष्ट्रीय संघात आली, आणि पुढे शिक्षण बाजूला ठेवून पूर्णवेळ सरावाला लागली. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकसाठी संघ पात्र ठरला होता, पण अमेरिकेने बहिष्कार टाकला आणि खेळाडू घरीच राहिल्या. खेळाडूच्या आयुष्यातली चार वर्षे अशी जातात आणि त्यांची भरपाई कुणी करत नाही. १९८१ च्या विश्वचषकात जगातल्या सर्वोत्तम सहा खेळाडूंत तिची निवड झाली. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला, स्वतःच्याच गावी, अमेरिकेच्या महिला अंतिम फेरीत पोहोचल्या. चीनकडून त्या हरल्या आणि रौप्यपदक मिळाले. त्या वेळी ती तीस वर्षांची होती, संघात सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत मोठी. मुलींच्या खेळांनाही मुलांइतकेच पाठबळ मिळावे यासाठी तिने अमेरिकी संसदेपुढेही बाजू मांडली.

त्यानंतर ती जपानमध्ये डायई या संघाकडून व्यावसायिक व्हॉलीबॉल खेळू लागली. २४ जानेवारी १९८६. मात्सुए शहरात हिताची संघाविरुद्ध सामना चालू होता. तिसऱ्या सेटमध्ये तिला बदलून दुसरी खेळाडू आत गेली. हा नेहमीचा बदल होता, तिने काही तक्रार केली म्हणून नव्हे. ती बाकावर बसली, सामना बघत राहिली आणि बसल्या जागीच खाली कोसळली. वय ३१.

तिकडे सांगितले गेले की हृदयविकाराचा झटका. घरच्यांना ते पटले नाही. त्यांच्या आग्रहामुळे लॉस एंजेलिसला पुन्हा शवविच्छेदन झाले. हृदय उत्तम होते. फाटली होती ती हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, महाधमनी. त्याच जागी काही आठवड्यांपूर्वी एक फाट पडून भरत आल्याच्याही खुणा होत्या. म्हणजे शरीराने एकदा इशारा दिला होता, आणि त्यानंतरही ती उड्या मारत होती.

महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. कोटाचे अस्तर उसवावे आणि हात बाहीत जाण्याऐवजी कापड व अस्तराच्या मध्ये घुसावा, तसे आतला थर फाटला की रक्त थरांच्या मध्ये घुसते आणि भिंत चिरत जाते. तिला हे झाले मार्फान सिंड्रोममुळे. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी १८९६ मध्ये लांब, बारीक बोटांच्या एका पाच वर्षांच्या मुलीचे वर्णन केले. गंमत म्हणजे व्हॉलीबॉलचा शोध विल्यम मॉर्गन यांनी लावला तो आदल्याच वर्षी. शरीराच्या ऊतींना बळकटी देणाऱ्या फिब्रिलिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात हा दोष असतो, हे १९९१ मध्ये कळले. साधारण पाच हजारांत एकाला तो असतो. आई-बापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. चारांपैकी एका रुग्णाच्या घरात मात्र आधी कुणालाच नसतो.

ज्या बांध्याने तिला नेटवरची राणी केले, तोच बांधा ही या आजाराची खूण होती. ती ओळखायला सुरुवातीला मोठे यंत्र लागत नाही. अंगठा तळहातावर आडवा ठेवून मूठ वळा. अंगठ्याचे अख्खे नख करंगळीच्या बाजूने बाहेर आले तर लक्षात ठेवा. दुसऱ्या हाताचे मनगट अंगठा आणि करंगळीने धरा. अंगठ्याने करंगळीचे नख पूर्ण झाकले तर तेही नोंदवा. मग वाव मोजा. आपले आजोबा विहिरीचा दोर वावांत मोजत, तीच वाव, पसरलेल्या दोन्ही हातांची. ती बहुतेकांची उंचीएवढी असते. १८० सेंटिमीटर उंचीच्या मुलाची वाव १८९ च्या वर गेली तर मी थांबतो. भरतीत मुलांची उंची मोजतात, छाती फुगवून मोजतात, वाव कुणी मोजत नाही. छातीत खळगा किंवा पुढे आलेली छाती, वाकडा कणा, लहानपणीच मोठ्या नंबरचा चष्मा, डोळ्यातले भिंग सरकणे, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेले असणे, या पुढच्या खुणा.

यातली एखादीच खूण असली म्हणून घाबरायचे नाही. उंच माणसांपैकी बहुतेकांना हा आजार नसतो. अशा एका मुलाला मी नागपूरला एको करायला पाठवले होते. एको चांगला निघाला. त्याची आई माझ्यावर चिडली, डॉक्टरसाहेब, उगाच जीव टांगणीला लावला म्हणून. तिचे खरे होते. पण मी पुन्हा तसेच करीन. एकोत महाधमनीची रुंदी कळते. ती वाढत असेल तर रक्तदाब आणि नाडीचा जोर कमी करणाऱ्या गोळ्या देतात, दरवर्षी माप घेतात, जोराचे खेळ थांबवतात. रुंदी सुमारे पाच सेंटिमीटरला आली की तो भाग बदलण्याची शस्त्रक्रिया करतात. फाटण्याची वाट पाहत नाहीत. आणि अशा कुणाच्या छातीत किंवा पाठीत एकाएकी सुरीने चिरल्यासारखी कळ आली, तर बाम चोळत बसू नका. गाडी काढा आणि मोठे रुग्णालय गाठा.

फ्लो गेल्यानंतर तिच्या भावंडांची तपासणी झाली. एका भावाच्या महाधमनीत तोच दोष सापडला. त्याची शस्त्रक्रिया वेळेत झाली.