शेवटचे वंशपरंपरागत होनिन्बो

जपानात ‘गो’ नावाचा बैठा खेळ शेकडो वर्षांपासून खेळला जातो. उभ्याआडव्या एकोणीस-एकोणीस रेघांचा पट, त्यावर एकाच्या काळ्या व दुसऱ्याच्या पांढऱ्या सोंगट्या. जो अधिक जागा वेढील तो जिंकला. या खेळातील निष्णात घराण्यांना पूर्वी राजाश्रय असे. त्यांत होनिन्बो घराणे अग्रगण्य होते. त्याच्या गादीवर पुत्रच बसावा असा नियम नव्हता. गुणवान शिष्यही बसे.

शूसाई यांचा जन्म १८७४ साली टोकियोत झाला. तोवर राजाश्रय तुटला होता, तरी घराण्याचा मान कायम होता. १९०८ साली शूसाई घराण्याचे एकविसावे प्रमुख झाले व १९१४ साली त्यांना ‘मेइजिन’ हे सर्वश्रेष्ठ पद मिळाले. ते तहहयात असे. मेइजिनांना डाव हवा तेव्हा तहकूब करून घरी विचार करण्याची मुभा असे. १९३३ साली गो सेइगेन या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी मांडलेला डाव शूसाईंनी असा वारंवार थांबविला आणि पुढील वर्षी दोन गुणांनी जिंकला. ही मुभा रूढीला धरून होती खरी. पण प्रतिस्पर्ध्याच्या दृष्टीने ती न्याय्य म्हणता येणार नाही.

शूसाईंचा आवडता शिष्य कोगिशी सोजी १९२४ साली तरुणपणीच वारला होता. पुढे शूसाईंनी गादीला वारस न नेमता होनिन्बो हे नाव ‘निहोन की-इन’ या संस्थेच्या स्वाधीन केले. यापुढे ते स्पर्धेत जिंकणाऱ्यासच मिळावयाचे होते.

निवृत्तीपूर्वीचा अखेरचा डाव जून १९३८ मध्ये सुरू झाला. समोर एकोणतीस वर्षांचे कितानी मिनोरू होते. प्रत्येकास चाळीस तास मिळाले. दिवसाचा खेळ थांबताना पुढची खेळी कागदावर लिहून पाकिटात बंद करावयाची, म्हणजे रात्रीच्या विचाराचा लाभ कोणासच अधिक मिळू नये, असे ठरले. मेइजिनांची जुनी मुभा संपली. चौसष्ट वर्षांच्या शूसाईंना हृदयविकार जडलेला होता. ऑगस्टमध्ये त्यांची प्रकृती ढासळली आणि डाव तीन महिने थांबला. परंतु त्यांनी तो सोडला नाही. ४ डिसेंबरला डाव संपला. कितानी पाच गुणांनी जिंकले. वर्तमानपत्रासाठी या डावाचा वृत्तान्त लिहिणारे कावाबाता यासुनारी यांनी पुढे त्यावरच ‘मेइजिन’ ही कादंबरी रचली.

जानेवारी १९४० मध्ये आतामी येथे शूसाई निधन पावले. पहिली होनिन्बो स्पर्धा तेव्हा चालूच होती. १९४१ साली सेकियामा रिइची तीत विजयी ठरले. दोनच वर्षांनी ते पद हाशिमोतो उतारो यांच्याकडे गेले.