वेड्यांचे कैवारी : देवाचे संत योहान

दर वर्षीं ८ मार्च रोजीं पवित्र ख्रिस्तसभा ज्या संतांचें स्मरण करते, ते देवाचे संत योहान रुग्णांचे व रुग्णालयांचे आश्रयदाते आहेत, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. परंतु तेच एके काळीं वेडे ठरून बंदींत पडले होते, व रोग्यांस कसें वागवावें याचा धडा त्यांस तेथेंच मिळाला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं. म्हणून या महोत्सवाच्या प्रसंगीं त्यांचें चरित्र थोडक्यांत सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

योहान यांचा जन्म १४९५ सालीं पोर्तुगाल देशांतील मॉन्तेमोर-ओ-नोव्हो या गांवीं झाला. आठव्या वर्षीं घर सुटलें, आणि स्पेनांतील ओरोपेसा येथें मेंढरें राखीत ते वाढले. पुढें ते शिपाई झाले. १५२३ सालीं फ्रेंचांशीं चाललेल्या लढाईंत त्यांच्या स्वाधीन केलेली लूट चोरीस गेली व त्यांस फांशी देण्याचें ठरलें; ती शिक्षा ऐन वेळीं टळली. कालांतरानें मायदेशीं परत येऊन पाहतात तों आईबाप वारलेले! मग आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सेउता येथें तटाच्या कामावर मजुरी करून त्यांनीं एका हद्दपार कुटुंबाचा उदरनिर्वाह चालविला. अखेर १५३८ सालीं ग्रानाडा शहरांत एल्व्हिरा वेशीजवळ त्यांनीं पुस्तकांचें लहानसें दुकान मांडलें.

१५३९ सालच्या जानेवारीच्या २० तारखेस, संत सेबास्तियन यांच्या सणाच्या दिवशीं, आव्हिलाचे योहान या नामांकित धर्मगुरूंचें प्रवचन त्यांनीं ऐकलें. गत आयुष्याचा त्यांस इतका पश्चात्ताप झाला कीं ते रडत, ऊर बडवीत रस्त्यांतून धांवूं लागले. दुकानांतील ऐहिक पुस्तकें त्यांनीं फाडून टाकलीं, धर्मपुस्तकें वांटून दिलीं. पोरें दगड मारूं लागलीं. शेवटीं कांहीं सज्जनांनीं कींव येऊन त्यांस तेथील शाही रुग्णालयांत वेड्यांच्या विभागांत नेऊन ठेविलें.

त्या काळीं वेडावर चाबूक हेंच औषध समजत. हातपाय बांधून फटके मारिले म्हणजे रोगी शुद्धीवर येतो, अशी समजूत होती. योहान यांनीं स्वतःचा मार निमूटपणें सोसला. पण शेजारच्या रोग्यांवर चाबूक उठतांच त्यांनीं रक्षकांची कानउघाडणी केली. मन शांत झाल्यावर त्यांस मोकळें करण्यांत आलें, तेव्हां ते तेथेंच झाडलोट व रोग्यांची शुश्रूषा करूं लागले. या दीनांची सेवा मनासारखी करतां यावी म्हणून आपलें स्वतःचें एक घर असावें, अशी प्रार्थना त्यांनीं त्याच ठिकाणीं केली.

ती प्रार्थना फळास आली. ग्वादालूपे येथील यात्रेहून परतल्यावर त्यांनीं एक घर भाड्यानें घेतलें. सरपणाच्या मोळ्या विकून जें मिळे त्यांत रोग्यांचें भागवीत. रात्रीं खांद्यावर टोपली व गळ्यांत दोरीनें बांधलेलीं भांडीं घेऊन ते भिक्षेस निघत, आणि दान देणारा स्वतःचेंच भलें करितो, असें पुकारीत जात. मृत्यूपूर्वीं थोडे दिवस लिहिलेल्या त्यांच्या एका पत्रावरून दिसतें कीं, त्यांच्या घरांत ११० हून अधिक माणसें होतीं. त्यांत लुळेपांगळे, महारोगी, मुके, वृद्ध, अनाथ मुलें यांच्याबरोबर वेडेहि होते. कर्ज डोक्यावर होतें, तरी दार कोणास बंद नव्हतें. तुई येथील बिशपांनीं त्यांची ही सेवा पाहून त्यांस ‘देवाचा योहान’ हें नांव दिलें.

१५४९ सालीं त्याच शाही रुग्णालयास आग लागली. जेथें अंगावर वळ उठले होते, त्याच इमारतींत योहान ज्वालांमधून शिरले आणि रोग्यांस पाठीवर घेऊन बाहेर आणूं लागले. आमच्या मतें त्यांचें सारें चरित्र या एका प्रसंगांत आहे.

पुढें हेनील नदीच्या पुरांत बुडणाऱ्या एका मुलास वांचविण्यासाठीं त्यांनीं उडी घातली. त्यानंतर दुखणें बळावलें व ८ मार्च १५५० रोजीं, गुडघे टेकलेल्या स्थितींत, त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या सोबत्यांच्या संघास १५७२ सालीं पांचवे पायस यांनीं मान्यता दिली. हे बंधू पुढें गोव्यासहि आले. जुन्या गोव्यांत त्यांचा मठ होता. १६९० सालीं योहान यांस संतपद प्राप्त झालें, आणि १८८६ सालीं तेरावे लिओ यांनीं त्यांस रुग्णालयांचे व मरणोन्मुखांचे आश्रयदाते ठरविलें.

प्रिय वाचकहो, मनाचा आजार हा इतर आजारांसारखाच आजार आहे व त्यावर उपचार आहेत, हें आज वैद्यकशास्त्र सांगतें. तरीहि आमच्यांतील कित्येक घरीं असा रोगी आंतल्या खोलींत लपविला जातो, लोक काय म्हणतील या भीतीनें डॉक्टरांकडे नेला जात नाहीं, आणि वाटेंत भेटला तर त्याची थट्टा होते. टोमणा हाहि चाबूकच आहे. तो आपण खालीं ठेवूं या, अशा माणसाशेजारीं बसून त्याचें ऐकून घेऊं या, व त्यास वेळेवर उपचार मिळवून देऊं या. देवाचे संत योहान आम्हांसाठीं विनंती करोत.