सत्तावन्न किलोंचा पैलवान

उसाच्या हंगामात आमच्या बिद्रीला कारखान्याच्या काट्यापुढे बैलगाड्यांची रांग लागायची. गाडी काट्यावर चढली की आम्ही पोरे मागून हळूच लोंबकळायचो आणि आपल्या वजनाने शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळाले असे समजून खूश व्हायचो. टनांत मोजणाऱ्या त्या काट्याला आमची दखल कुठली! पण काटा माणसाच्या आयुष्यात किती ढवळाढवळ करू शकतो, हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

घोड्यांच्या शर्यतीत ते उघड दिसते. मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जॉकी शर्यतीआधी खोगीर घेऊन काट्यावर बसतो आणि शर्यत संपली की पुन्हा बसतो. घोड्याने किती वजन वाहायचे ते आधीच ठरलेले असते, साधारण पन्नास ते साठ किलोंच्या दरम्यान. जॉकी हलका असेल तर खोगिराबरोबर शिसे घालून ते भरून काढतात. तो जड असेल तर मात्र स्वतःचे अंग झिजवण्यावाचून इलाज नाही. इंग्लंडचा फ्रेड आर्चर ओळीने तेरा वर्षे तिथला पहिल्या क्रमांकाचा जॉकी होता, पण देवाने त्याला नको तेवढी उंची दिली होती. हिवाळ्यात सत्तर किलोंच्या घरात जाणारे शरीर तो उपास, जुलाबाची औषधे आणि वाफेची स्नाने यांच्या जोरावर चौपन्न किलोंपर्यंत खाली आणी. १८८६ च्या ऑक्टोबरात एका मोठ्या शर्यतीसाठी तो तीन दिवस जवळजवळ उपाशी राहिला. तरी काट्यावर एक पौंड जास्त भरला आणि त्याचा घोडा डोक्याएवढ्या अंतराने हरला. पुढच्या पंधरा दिवसांत आजारपणातल्या तापाच्या भरात त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. वय अवघे एकोणतीस.

आर्चरची हकीकत वाचली तेव्हा मला खाशाबा जाधव आठवले. त्यांच्या वाटेत शरीराचे माप आले ते उलट्या बाजूने.

आपल्या तांबड्या मातीला काटा ठाऊक नव्हता. जत्रेतल्या मैदानात वस्ताद दोन पोरांना शेजारी उभे करायचा, खांद्याला खांदा लावून बघायचा आणि जोड ठरवायचा. रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात व्हायची, पण फेटा, मिरवणूक आणि थैली जायची ती शेवटच्या कुस्तीच्या धिप्पाड गड्याकडे. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले आणि कोल्हापूरचे नाव देशभर झाले. त्या कोल्हापूरच्या नजरेत पैलवान म्हणजे दारातून आत येताना दार भरून टाकणारा माणूस.

खाशाबांनी दार कधी भरले नसावे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरात १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाले आणि पुढे कॉलेजसाठी ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. तिथल्या वार्षिक क्रीडामहोत्सवात त्यांनी कुस्तीसाठी नाव द्यायचे ठरवले, तर क्रीडाशिक्षकांनी त्यांची अंगकाठी पाहूनच नकार दिला. त्या मास्तरांना मी फार दोष देणार नाही. आपल्याकडे कोणीही तेच केले असते. पण खाशाबा थेट प्राचार्य खर्डीकरांकडे गेले. त्यांनी परवानगी दिली आणि या किरकोळ मुलाने आपल्याहून थोराड गड्यांना एकामागून एक चितपट केले. मानेला मिठी घालून प्रतिस्पर्ध्याला फेकायचा ढाक डाव हा त्यांचा हुकमी डाव. बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांनी त्यांना घडवले.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे पहिल्यांदा काटा खाशाबांच्या बाजूने उभा राहिला. गट होता बावन्न किलोंचा. समोर येणारा प्रत्येक जण त्यांच्याच मापाचा! मात्र पायांखाली माती नव्हती, गादी होती, आणि नियमही नवे. तरीही ते सहावे आले.

पुढची चार वर्षे तयारीत गेली. १९५२ च्या हेलसिंकीसाठी ते सत्तावन्न किलोंच्या गटात उतरले. चार वर्षांत पाच किलो. आपल्याला लग्नानंतर वाढतात तसे हे पाच किलो नव्हेत. निवडीच्या वेळी त्यांच्यावर अन्याय झाल्याची तक्रार झाली, ती पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेली, पुन्हा कुस्ती झाली आणि ती खाशाबांनी जिंकली. मग पैशाचा प्रश्न उभा राहिला. ते गावोगाव हिंडले, लोकांनी जमेल तसा हात दिला. सर्वांत मोठी रक्कम, सात हजार रुपये, खर्डीकरांनी दिली, तीही राहते घर गहाण टाकून. बँकेतल्या नोकरीत मी असंख्य गहाणखते पाहिली. लग्न, विहीर, आजारपण, मुलाची शिक्षणाची फी. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणारा मास्तर माझ्या टेबलापुढे कधी आला नाही.

हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीईबरोबरची कुस्ती बराच वेळ चालली आणि ती ते हरले. अंगातले बळ संपले होते. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यायचा नियम होता, पण त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हपुढे उभे केले गेले. नियमावर बोट ठेवून भांडायला त्या वेळी आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. खाशाबा दमलेल्या अंगाने उतरले आणि हरले. इशीईला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरचे केशव माणगावे बासष्ट किलोंच्या गटात चौथे आले, हेही आपण विसरून गेलो आहोत.

कऱ्हाड स्टेशनावर शंभराहून अधिक बैलगाड्या त्यांना न्यायला आल्या होत्या. गोळेश्वरची काही मिनिटांची वाट, पण मिरवणुकीला सात तास लागले. गुलाल खाली बसल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशातून खर्डीकरांचे घर सोडवले.

१९५५ साली ते पोलिसांत सब-इन्स्पेक्टर झाले. सत्तावीस वर्षे नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि मग हक्काच्या पेन्शनसाठी त्यांना खेटे घालावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. पुढचे वैयक्तिक पदक लिएंडर पेसने टेनिसमध्ये आणले ते १९९६ साली. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, आणि दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले ते २०१० साली.