रेव्हरंड टाल्मा आणि आजाऱ्यांचा कायदा

पाळकाने राजकारणात पडावे की पडू नये, हा वाद आपल्या मंडळ्यांमध्ये अधूनमधून निघतोच. नेदरलंड्स देशातील आरिटियस सिब्रांडुस टाल्मा यांचे चरित्र वाचून तो मिटत नाही. उलट अधिक गंभीर होतो.

त्यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८६४ रोजी आंगेरेन या गावी पाळकाच्या घरी झाला. युट्रेख्त येथे ईश्वरविज्ञानाचे अध्ययन करून १८८८ मध्ये त्यांनी हाइनेनोर्ड या खेड्यात पाळकीय सेवेस आरंभ केला. पुढे फ्लिसिंगेन व आर्नहेम येथील मंडळ्या त्यांच्याकडे आल्या. फ्लिसिंगेन हे जहाजबांधणीचे बंदर. कामगार आजारी पडला की त्या काळी त्याची मजुरी थांबे आणि कुटुंब उसनवारीवर किंवा मंडळीच्या धर्मादायावर जगे. ‘पॅट्रिमोनियम’ या ख्रिस्ती कामगार संघटनेच्या कार्यात टाल्मा रमले ते याच प्रश्नामुळे. आजाऱ्याला मिळणारे साहाय्य ही भीक नसून त्याचा हक्क आहे, असे ते मानीत. इब्री भाषेत नीतिमत्त्व आणि दानधर्म या दोहोंना एकच शब्द चालतो. भाषांतर करताना त्यातील एक अर्थ निवडावा लागतो आणि दुसरा हातचा निसटतो. टाल्मांनी तो निसटू दिला नाही, असे मला वाटते.

१९०१ मध्ये अब्राहाम कायपर यांच्या पक्षातर्फे ते संसदेत गेले व १९०८ मध्ये शेती, व्यापार आणि उद्योग खात्याचे मंत्री झाले. १९११ च्या कायद्याने स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे कामाचे तास घटले. त्याच वर्षी दगडफोड्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. दगडाच्या धुळीने त्यांची फुप्फुसे निकामी होत असत. बेकरीतील रात्रपाळी बंद करण्याचे विधेयक मात्र १९१२ मध्ये फेटाळले गेले.

खरी झुंज विम्याची होती. आजारपणात मजुरीचा काही भाग मिळावा, अपंगत्वात व वार्धक्यात निवृत्तिवेतन असावे आणि हा कारभार मालक व कामगार यांच्या संयुक्त मंडळांनी पाहावा, अशी त्यांची योजना होती. समाजवाद्यांना हप्त्यांविना, सरकारी खजिन्यातून वेतन हवे होते. सक्तीच्या विम्याविषयी टाल्मांच्या स्वतःच्या आघाडीतही साशंकता होती. डॉक्टरांच्या संघटनेशी आजारनिधींच्या अटींवरून खटके उडाले. प्रदीर्घ चर्चेनंतर ५ जून १९१३ रोजी कायदे झाले खरे, पण त्याच महिन्याच्या निवडणुकीत आघाडी हरली आणि मंत्रिपद गेले. नव्या सरकारने अंमलबजावणी लांबवली. एवढे मात्र झाले की, सत्तरी ओलांडलेल्या गरजू कामगारांना त्या वर्षाच्या अखेरीपासून आठवड्याला २ गिल्डर मिळू लागले. आज ही रक्कम क्षुल्लक वाटेल. ज्या म्हाताऱ्याच्या हाती पूर्वी काहीच येत नव्हते, त्याला ती तशी वाटली नसावी.

टाल्मा पुन्हा पाळकपणाकडे वळले. बेनेब्रूक येथील मंडळीची सेवा करीत असताना १२ जुलै १९१६ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अपंगत्वविम्याचा कायदा १९१९ मध्ये आणि आजारविम्याचा, बऱ्याच फेरबदलांनंतर, १९३० मध्ये अमलात आला. औषधोपचारांचा सक्तीचा विमा तर १९४१ मध्ये, जर्मन अमलाखाली, एका फर्मानाने सुरू झाला.